क्लच कळणारा पाय

बुधवार. दुसऱ्या दिवशी भाचीचं लग्न होतं, म्हणून चपला घ्यायला गेले. ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे घाटातून गाडी मलाच न्यायची होती. आदल्याच दिवशी चढावर जाड टाचेच्या सँडलनं घोटाळा केला आणि गाडी मागच्या रिक्षावर जाता जाता राहिली.

दुकानात मी एकेक जोड घालून डावा पाय स्टुलाच्या दांडीवर दाबत होते.

“मावशी, लग्नात मिरवायचंय की गाडी चालवायचीय?” दुकानदार म्हणाला.

“दोन्ही. हसू नका, दुसरा जोड काढा.”

क्लच नेमका कुठे पकडतो, ते शब्दांत सांगता येत नाही. ते तळव्यालाच कळतं. पातळ तळाच्या मोजड्या घेतल्या.

गुरुवारी सकाळी घाटात ऐन चढावर पुढचा ट्रक थांबला, मग हलला. मी क्लच सावकाश सोडला. गाडी तसूभरही मागे न जाता पुढे निघाली, तेव्हा ह्यांनी दारावरची मूठ सोडली.