खडखडाटातली मेव्हिस

मेव्हिस ऑर्मरॉड हट्टी आहे, हे इंग्लंडातल्या बर्नली गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पंधराव्या वर्षी ती गिरणीत मागावर उभी राहिली आणि त्रेसष्ट साली, विशीच्या आतच, थोरल्या भावाच्या रॉक बँडमध्ये गायला लागली. क्लिफने तिला काही हौसेने घेतलं नव्हतं. ठरलेला गायक ऐन वेळी लग्न करून मोकळा झाला, म्हणून नाइलाज.

पण पहिल्या काही कार्यक्रमांत तिचा आवाज कुणाला ऐकूच गेला नाही. गिटारी गरजायच्या, ड्रम दणाणायचे आणि स्वस्तातला माईक नुसता खरखरायचा. मग कामगारांच्या क्लबात कार्यक्रम ठरला, तेव्हा पडद्यामागे क्लिफने तिला बाजूला घेतलं.

"हे बघ, आज शेवटचं. आजही आवाज पोचला नाही, तर पुढच्या वेळी आपला गिटारवाला रॉनी गाईल."

"रॉनी? त्याचा आवाज म्हणजे दार करकरतंय!"

"करकरू दे. ऐकू तरी येतं ना!"

"मग गिटारी जरा हळू वाजवा."

"हळू वाजवायला आपण काय चर्चमध्ये आलोय?"

मेव्हिसला रडू फुटत होतं, पण क्लिफसमोर रडेल ती मेव्हिस कसली! ओठ घट्ट मिटून ती मंचावर गेली.

दुसऱ्याच गाण्याला माईकने मान टाकली. क्लिफने रॉनीला खूण केली. रॉनी पुढे सरकला, तसं मेव्हिसने त्याला कोपराने मागे ढकललं. समोरच्या टेबलांवर गिरणीतल्या बायका बसल्या होत्या. मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडूनही काही कळत नाही, म्हणून या बायका जन्मभर ओठांनीच बोलत आलेल्या. एकीची चहाडी चार माग ओलांडून दुसरीपर्यंत बिनआवाजी पोचायची. मग इथं तरी वेगळं काय आहे, असं मेव्हिसच्या मनात आलं. तिने माईक बाजूला सारला, तोंड उजेडात आणलं आणि भुवया उडवत एकेक शब्द ओठांनी मोठा करून सांगू लागली.

बायकांच्या गप्पा थांबल्या. एकीने ओळ उचलली, मग शेजारणीने, आणि धृपदाला तर सगळी टेबलं गिटारींच्या वर गात होती. मागे बसलेल्या पुरुषांना कळेना, या बायकांना शब्द सांगतंय कोण. तेवढ्यात क्लबचे सेक्रेटरी हॅरोल्ड एन्टविसल रिवाजाप्रमाणे, खाणं तयार असल्याचं मधेच सांगायला, मंचावर चढले.

"मंडळी, काळे वाटाणे आलेत, गरम गरम..."

"खाली बस रे हॅरोल्ड!" चारपाच बायका एकदम ओरडल्या. एन्टविसल बसले.

गाणं संपल्यावर पहिल्या टेबलावरची ॲनिस होल्डन उठून मंचापाशी आली. मागांनी तिचे दोन्ही कान कधीच नेले होते. सून तिला क्लबात आणायची आणि ती बिचारी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवायची, कशाला ते न कळता. तिने मेव्हिसचा हात धरला.

"किती वर्षांनी गाणं कळलं गं मला!" बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मेव्हिसचेही भरले, आणि या वेळी तिने ते लपवले नाहीत.

क्लिफ गिटार सावरत जवळ आला. "पुढचं कुठलं घ्यायचं?" त्याने विचारलं. हे तो तिला पहिल्यांदाच विचारत होता.

मेव्हिस ॲनिसकडे वळली आणि तोच प्रश्न तिने ओठांनी ॲनिसला विचारला.