पासिंगचे टायर

आमच्या गल्लीत एकाच जातीच्या पाच व्हॅन आहेत आणि चांगल्या टायरचा संच एकच. बाकीच्या चार गाड्या झिजून गुळगुळीत गोटा झालेल्या टायरवर चालतात. पण कुणाचं पासिंग आलं, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला लायक आहे असा सरकारी कागद मिळवायची वेळ आली, की आदल्या संध्याकाळी तो संच त्याच्या दारात जातो. सत्यनारायणाचा चौरंग घरोघर फिरतो, तसाच. टायर मंडपवाल्याचे. खुर्च्या, पातेली, सतरंज्या लोकांना देऊन त्याचा हात इतका सैल झालाय की स्वतःची गाडी दिवसभर विटांवर उभी करून तो चारही टायर हसत काढून देतो.

आमचा धंदा दही, ताक आणि श्रीखंडाचा. गडमुडशिंगीत घरामागच्या शेडमध्ये विरजण लावायचं, रोज सकाळी कोल्हापुरातल्या दुकानांना माल द्यायचा आणि शनिवारी दुपारी पन्हाळ्यावरच्या हॉटेलांना. मोटारसायकलवर कॅन बांधून बांधून नवऱ्याची कंबर गेली, तेव्हा कोडोलीच्या एका भाजीवाल्याकडून ही जुनी व्हॅन घेतली. घेताना मी पासिंगचा कागद तेवढा पाहिला. अजून आठ महिने शिल्लक होते, म्हणजे गाडी चांगलीच असणार. सासऱ्यांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांना मी मामा म्हणते. उभं आयुष्य त्यांनी बिद्रीच्या साखर कारखान्याकडे उसाचे ट्रक नेले आहेत. ते उकिडवे बसले, गाडीखाली हात घातला आणि मूठभर गंजाचे पापुद्रे घेऊन उठले. भाजीवाला म्हणाला, पावणं, जुन्या गाडीत एवढं चालायचंच. मीही मान डोलावली, कारण मला गाडीचा रंग आवडला होता.

घरी आल्यावर गाडीनं गुण उधळायला सुरुवात केली. सरकतं दार एकदा बंद झालं की उघडायचं नाही. हँडब्रेक सपाट जागेवर उत्तम लागायचा, म्हणजे जिथे त्याची गरज नाही तिथे. स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकांना पत्ता नसायचा. एका हेडलाइटमध्ये पाणी साचायचं आणि त्याचा उजेड रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर पडायचा. गॅरेजचा मिस्त्री म्हणाला, जुन्या व्हॅनची हीच दुखणी असतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. काळजीचं एकच, ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. पुढच्या चाकात ब्रेकचं ऑइल झिरपतंय, तेवढं काम करून घ्या. आम्ही त्याला ‘करून घेऊ, करून घेऊ’ म्हणत आठ महिने काढले.

मग पासिंग आलं. अशा वेळी माझ्या अंगात येतं. मी वही काढली आणि यादीच केली: टायर मंडपवाल्याचे, हेडलाइट बेकरीवाल्याचा, हँडब्रेकची केबल दूधवाल्याची. स्वतः दारोदार जाऊन सगळं गोळा केलं. मिस्त्रीनं ब्रेक आणि स्टिअरिंग तात्पुरतं आवळलं, ऑइल भरलं आणि हे दोन दिवस टिकेल असं बजावलं. मला दोन दिवस पुष्कळ वाटले. मामा त्या आठवड्यात नणंदेकडे होते, नाहीतर हा सगळा थाट त्यांच्या डोळ्यांदेखत जमला नसता.

गुरुवारी पासिंगच्या मैदानावर साहेबांनी गाडी नीट तपासली. दिवे पाहिले, धूर पाहिला, गाडी पळवून करकचून ब्रेक मारला. गाडी शहाण्यासारखी जागच्या जागी थांबली. गाडी चांगली ठेवलीय म्हणाले, आणि मी चक्क लाजले. साहेबांचं काही चुकलं नव्हतं. समोर जी गाडी आली ती त्यांनी तपासली आणि ती खरोखरच चांगली होती. दुपारी मी गल्लीत पेढे वाटले आणि संध्याकाळपर्यंत ज्याचं त्याला परत पोचतं केलं.

शनिवारी मामा परत आले. दुपारी कॅन भरून झाले, तेव्हा त्यांनी सवयीप्रमाणे गाडीला एक फेरी मारली, टायरवरून तळवा फिरवला आणि टायर, हेडलाइट, केबल, कुणाकुणाचं काय आणलं होतं ते सगळं मला विचारून घेतलं. मी हसत हसत सांगितलं आणि वर कागद दाखवला.

“पास झालेली गाडी परत गेली की,” ते म्हणाले. “ही कुठली?”

नवऱ्यानं समजूत घातली. सगळेच असं करतात, वर्षाची कटकट मिटली, आणि उसाचे डोंगर ओढलेल्या माणसानं दह्याच्या कॅनला काय भ्यायचं. मामा ऐकत होते. तेवढ्यात माझी मुलगी शाळेतून आली आणि दप्तर टाकून गाडीकडे पळाली. दर शनिवारी ती आजोबांबरोबर पुढे बसून पन्हाळ्याला जाते. मामांनी किल्ली घेतली आणि माझ्याकडे बघितलं.

“पोरगीला बसवू काय पुढं?”

“आज नको, मामा.”

विचार करायच्या आधीच तोंडातून गेलं. किल्ली माझ्या हातात ठेवून मामा कट्ट्यावर जाऊन बसले. मला इतकी शरम वाटली की वर बघवेना. मुलीला मी क्षणात अडवलं होतं, आणि मामांना त्याच गाडीतून घाटात धाडायला मात्र कॅन भरून तयार होते.

त्या दिवशी दही भाड्याच्या रिक्षानं गेलं, उशिरा गेलं, आणि हॉटेलवाल्यांनी फोनवर माझी चांगलीच खरडपट्टी काढली. सोमवारी गाडी मिस्त्रीकडे लावली. ब्रेकचं काम झालं, स्टिअरिंग, हँडब्रेक, हेडलाइट सगळं झालं, गंजलेला पत्रा बदलला आणि चारही टायर नवे कोरे आले. मंडपवाल्याला वाटलं आमचं काही बिनसलं. आमच्या टायरांस्नी काय झालतं वहिनी, म्हणून तो विचारायला आला. त्याला चहा पाजून सगळं सांगितलं, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या शनिवारी मुलीला घरी ठेवून मीच मामांच्या शेजारी बसले. माल उतरवून परत येताना, घाटात रस्ता मोकळा बघून त्यांनी मला न सांगता ब्रेक दाबला. मी पुढच्या काचेवर आपटता आपटता वाचले, मागे रिकामे कॅन धडाधड आदळले, आणि गाडी रेघ मारल्यासारखी सरळ थांबली. मामांनी स्टिअरिंगवरचे हात काढले, धोतराला पुसले आणि पुन्हा गिअर टाकला.

“पुढच्या खेपंला पोरगीला बसीव,” ते म्हणाले. “तू घरात ऱ्हा.”