कामासमोरचं नाव

आपल्या धंद्याला सॉफ्टवेअर हवं, असं थोरल्या भावाने मुंबईहून फोनवर सांगितलं तेव्हा मी साइटवर चिऱ्यांचा ट्रक रिकामा करून घेत होते. जांभ्या दगडाचा चिरा नीट उतरवला नाही तर कोपरे उडतात, आणि उडालेले कोपरे नंतर प्लास्टरखाली लपवावे लागतात. त्यामुळे माझं अर्धं लक्ष ट्रककडे होतं.

"सगळं तुझ्या एकटीच्या डोक्यात आहे," दादा म्हणाला. "उद्या तुला काही झालं तर मी कुणाला विचारायचं?"

मला काही झालं तर माझं काय, हा प्रश्न त्याला पडला नाही. तो लहानपणापासून तसाच आहे.

धंदा तसा लहानच. बाबा रत्नागिरीच्या आसपास चिरेबंदी घरं बांधायचे. आम्ही त्याच्या पुढे थोडं गेलो: गावी परतू पाहणाऱ्या मुंबईकरांसाठी बंगल्यांची एखादी रांग, कुठे दुमजली इमारत. स्थापत्याचा डिप्लोमा माझा, बाबांच्या मागे साइटवर वणवण फिरलेली मी. दादा मुंबईत ऑफिसात. बाबा गेल्यावर आमच्याकडे बहिणी करतात तशी मीही हक्कसोडीवर सही केली. दादा म्हणाला, "नाव माझं राहू दे, काम तू बघ. पुढच्या वर्षी तुला रीतसर भागीदार करून घेऊ." ते पुढचं वर्ष दर गणपतीत पुढे जायचं. पाटीवर त्याचं नाव, परवानगीच्या कागदांवर त्याचं नाव. घराच्या किल्ल्या द्यायच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून हजर, आणि गिऱ्हाईक हात जोडायचं ते त्याच्यापुढे. मी मागे पेढ्यांचा बॉक्स धरून उभी.

म्हणून सॉफ्टवेअर निवडायचं काम मी फार मन लावून केलं. दादाला मुंबईत बसून साइट बघायची होती. मला एकच गोष्ट हवी होती: प्रत्येक कामासमोर ते करणाऱ्याचं नाव दिसायला हवं. निदान मशीन तरी खोटं बोलणार नाही, असं मला वाटत होतं. एकदा दादाने माझं नाव असं ओळीने बघितलं की त्याला भागीदारीची आठवण करून द्यावी लागणार नाही, हाही हिशेब मनात होताच.

पहिल्या सॉफ्टवेअरला सतत रेंज लागायची, आणि आमची देवरूखच्या रस्त्याची साइट अशा खोलगट जागी की तिथे फोन फक्त घड्याळ बघायला उपयोगी. दुसऱ्यात बांधकाम म्हणजे विटांचंच. चिरा नावाची वस्तू जगात असते हे त्याला माहीतच नव्हतं. तिसरं पुण्याच्या एका तरुणाने व्हिडिओ कॉलवर दाखवलं. हे रेंजशिवाय चालायचं, मराठीत होतं आणि त्यातल्या याद्या बदलता यायच्या. फक्त सुट्ट्यांच्या कॅलेंडरात होळीला एक दिवस आणि गणपतीला एक दिवस होता.

"हे बदला," मी म्हटलं. "शिमग्यात पालखी घरी येऊन गेल्याशिवाय आमचा गवंडी थापीला हात लावत नाही. गणपतीतही तेच."

"मॅडम, इतकी सुट्टी देता तुम्ही?"

"आम्ही देत नाही हो. ते घेतात."

आमचा मिस्त्री मागे उभा राहून सगळं ऐकत होता. तो पुढे वाकून स्क्रीनला म्हणाला, "अवो, पालकी दारात आल्यावर मी हितं चिरं लावत बसू? आनि मंग देवाला काय सांगू, मोबाईलात सुट्टी नव्हती म्हनून?"

पुणेकर मोकळेपणाने हसला आणि त्याने कॅलेंडर बदललं. मग मी कामांच्या यादीत सगळ्यात वर एक काम घालायला लावलं: गाऱ्हाणं. जागेच्या राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय आमच्याकडे कुदळ पडत नाही. त्याने विचारलं, "हे काम कुणाच्या नावावर टाकू?" मी माझं नाव सांगितलं. नारळ, विडा, उदबत्ती सगळं दर वेळी मीच तर नेत होते.

त्यानंतरच्या काही महिन्यांत मी माझं डोकं त्या सॉफ्टवेअरमध्ये ओतलं. कुठल्या खाणीचा चिरा वरून लाल आणि आतून भुसभुशीत निघतो, कुठल्या वाडीतली विहीर एप्रिलमध्ये तळ दाखवते, कुठला सुतार मान देऊन बोलावला नाही तर रुसतो, शेजाऱ्याचं पावसाचं पाणी कुठून वळवलं तर भांडण होत नाही. बाबांनी मला चालता चालता सांगितलेलं सुद्धा त्यात गेलं. दर कामासमोर माझं नाव उमटायचं, आणि मी खुळ्यासारखी ते बघत बसायचे.

दादालाही ते फार आवडलं. "एक नंबर काम केलंस," तो फोनवर म्हणाला. त्या दिवशी मी दिवसभर हवेत होते.

पुढच्या खेपेला तो आला तो वहिनीच्या भावाला घेऊन. हा भाऊ ठाण्यात कुठल्याशा शोरूमला होता. तिथलं सोडून आला होता. माझ्या हातचा चहा घेता घेता दादाने सांगितलं, "आता सगळं सिस्टीमवर आहे. हा बघेल इथलं. तू तरी किती वर्षं उन्हात उभी राहणार? घरी आराम कर."

"आणि भागीदारीचं?" मी विचारलं.

"अगं, आता त्याची गरजच काय राहिली?" तो अगदी प्रेमाने म्हणाला. त्याच्या आवाजात कपट नव्हतं, याचाच मला जास्त राग आला. कपट असतं तर भांडता तरी आलं असतं. मी पाहुण्याला अजून एक लाडू वाढला.

दुसऱ्या दिवशी फोनवर सॉफ्टवेअर उघडलं तर मला सगळं दिसत होतं, पण काहीच बदलता येत नव्हतं. कुणी चुकून माहिती बिघडवू नये म्हणून अशी सोय आहे का, हे निवडताना मीच विचारलं होतं. होती ती सोय, आणि चोख चालत होती.

भाट्याच्या पुलापलीकडे नवी जागा घेतली होती. तिथल्या गाऱ्हाण्याला मी गेले, कारण नारळ आणि विडा आणायला वहिनीच्या भावाला सुचलं नसतं. वाडीतले मानकरी आजोबा पान मांडून उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "कुनाच्या नावान घालू?" दादाने आपलं नाव सांगितलं, मग मेहुण्याचं. मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"बा देवा म्हाराजा," आजोबांनी सुरुवात केली आणि ती दोन नावं घेतली. "ही तुजी लेकरां हितं नव्या कामाला हात घालतायत. त्यांच्या कामात आडकाठी येऊ देव नको. त्यांच्या हाताला येश दे."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणाले. लहानपणापासूनची सवय, तोंडातून निघून गेलं. पुढच्या प्रत्येक वाक्यालाही मी सगळ्यांबरोबर तेच म्हणत राहिले.

नारळ फुटला. मी खोबऱ्याचे तुकडे करून वाटत होते तेव्हा पर्समधला फोन वाजला. तिथे रेंज चांगली आहे. नव्या साइटच्या यादीतलं पहिलं काम झाल्याचं सॉफ्टवेअरने कळवलं होतं: गाऱ्हाणं, पूर्ण. समोर वहिनीच्या भावाचं नाव होतं. तो दोन पावलांवर फोन हातात धरून उभा होता. मी त्याच्या दुसऱ्या हातावर खोबरं ठेवलं.