विषाणूचं गोत्र

आमच्या प्रेमलतेच्या लग्नात आडवं काय आलं, सांगू? आजार नाही हो. गोत्र! आणि तेही विषाणूचं!

प्रेमलता माझी पुतणी, बुटीबोरीच्या सूतगिरणीत कामाला. नवरा एचआयव्हीनं गेला, जाताना तिलाही आजार देऊन गेला. सासरची माणसं तेव्हापासून इतकी प्रेमळ झाली, की तिला एकदाही घरी यायचा त्रास दिला नाही. नागपूरच्या दवाखान्यात औषधांच्या रांगेत तिला हिंगण्याचा गिरिधर भेटला. त्यालाही तेच दुखणं. दोघांचं जुळलं.

पण तिच्या आईला महादेवरावांचा होकार पाहिजे. महादेवराव म्हणजे प्रेमलतेचे मामा आणि आमच्या नात्यातले सर्वज्ञ. पानाला चुना लावता लावता त्यांनी निकाल दिला, "दोघांचा रोग एक, म्हंजे घराणं एक. सगोत्रात लगन होत नाही वं."

मला तर हसू आवरेना! म्हटलं, "चला, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनाच विषाणूची कुळी विचारू."

आजाराचं आमच्यासमोर सांगायला प्रेमलता आणि गिरिधर दोघंही हो म्हणाले, तेव्हा डॉक्टर मिनलबाईंनी समजावलं, "गिरिधरचा विषाणू पहिल्या प्रकारचा. चिंपांझीतून माणसात आला, जगभर पसरला. प्रेमलताचा दुसऱ्या प्रकारचा. तो आला पश्चिम आफ्रिकेतल्या वेगळ्याच माकडातून. आपल्याकडे मोजक्यांनाच असतो, वाढतो हळू, पसरतोही कमी. पण पहिल्यावर चालणारी काही औषधं दुसऱ्यावर चालत नाहीत. तेव्हा एकमेकांच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. आपापल्या नेमानं घेऊन रक्तात विषाणू दिसेनासा राहिला, तर एकाचा दुसऱ्याला लागायची भीती नाही."

महादेवरावांचा चेहरा उजळला. "म्हंजे मूळपुरुषच येगळे! गोत्र जमलं! आता पत्रिका तेवढी पाहून घेऊ."

"मामाजी," प्रेमलता म्हणाली, "नवरा गेला तवापासून तुम्ही माह्या घरचं पाणी नाही पेले. तवा मी कोणाचीच नोती. आता काहून माहं गोत्र काढून राहिले?"

"अवं, तुह्या भल्यासाठीच तं..."

"मंग मंगळवारी लगन नोंदवाच्या कचेरीत या. साक्षीदार पायजे. मी इचाराले नाही, सांगाले आली."

मामांनी एवढ्या मोठ्या अपमानाचं काय करावं? डॉक्टरीणबाईंच्या कानाशी वाकून विचारलं, "सहीले पेन एकच रायते का जी?"

"पेननं काही होत नाही," बाई म्हणाल्या.

मंगळवारी त्यांनी गिरिधरच्याच पेननं सही केली. घाम असा फुटला होता, की कारकुनानं नवरदेव समजून त्यांनाच पाणी दिलं.