आत्याचा रंग

बाबांचा फोन आला तेव्हा मी ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमधल्या आमच्या ऑफिसात होते. “ताई गेली,” एवढंच म्हणाले. सुमाआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न झालं नाही, आमच्याच घरात राहायची. मी रंगानं तिच्यावर गेले, असं सगळे लहानपणापासून सांगायचे. ते कौतुक नसायचं, हे मला लवकर कळलं.

तरुणपणी तिचा स्थळांसाठीचा फोटो पडाव भागातल्या एका स्टुडिओत काढला होता. तिथे तिला इतकं गोरं करून दिलं, की मुलाकडचे घरी आले तेव्हा एकदा फोटोकडे आणि एकदा तिच्याकडे बघत बसले. हे ती हसत सांगायची. “मनात म्हटलं, भैया, चाय ठंडी हो रही है, फोटो से ही कर लो शादी!” ते स्थळ गेलं, नंतरचीही गेली. बँकेतून निवृत्त झाल्यावर तिनं आधी काय आणलं असेल तर फोटो छापायचा प्रिंटर. वाढदिवस, गणपती, सगळे फोटो मग घरीच. नुकता निघालेला प्रिंट खिडकीपाशी नेऊन ती आपल्या मनगटाशेजारी धरायची. रंग जुळला नाही तर कॉम्प्युटरवर थोडा लाल वाढवून पुन्हा छापायची. आई कुरकुरायची, “वन्सं, दुकानातून आणा ना, सगळे कसे उजळ दिसतात.”

“वहिनी, उजळायला आपण काय पितळेची भांडी आहोत?”

शेवटच्या आजारात, हॉस्पिटलमध्ये, ती मला म्हणाली, “भिंतीवर लावाल तो फोटो घरीच छाप हं. मेल्यावर तरी मला नापसंत करू नका.” मी हो म्हटलं.

शाई वाळू नये म्हणून ती दर रविवारी एक रंगीत पान छापायची. ती हॉस्पिटलात असताना हे कुणाच्याच लक्षात आलं नाही... तेराव्याच्या आदल्या दिवशी मी प्रिंटर लावला, तर तिच्या चेहऱ्यावर आडवे पांढरे पट्टे आणि लाल रंग नाहीच. ओठ, गाल, सगळं हिरवट. पुन्हा पुन्हा छापून पाहिलं, तरी तेच.

बाबांबरोबर दुकानात गेले. “इन्हें गोरा मत कीजिएगा,” मी म्हणाले.

“मशीन खुद कर देती है, मैडम. कहें तो बंद कर दूँ, पर वैसा कोई ले नहीं जाता.” दुकानदारानं दोन्ही प्रकारचे प्रिंट काढून काउंटरवर ठेवले. एकात आत्या होती. बाबा त्याच्याकडे खूप वेळ बघत राहिले.

“नको गं. लोकांना वाटेल, आजारपणात काळवंडली.”

“बाबा, ती अशीच होती.”

“मला माहीत आहे ती कशी होती,” ते म्हणाले आणि त्यांनी दुसरा उचलला. उरलेला दुकानदारानं मधोमध फाडून टोपलीत टाकला.

आता तो गोरा फोटो हॉलमध्ये आहे, हार घातलेला. येणारेजाणारे म्हणतात, काय तेज आहे चेहऱ्यावर! परवा आई त्याची काच पुसता पुसता म्हणाली, “चांगलं काम करतो हो तो दुकानवाला. तुझे स्थळांसाठीचे फोटो त्याच्याकडेच काढू या.”

मी वर बघितलं... काचेमागची गोरी बाई नुसती हसत होती. आत्या असती तर एव्हाना आईला काहीतरी सुनावून मोकळी झाली असती.