जेवणाच्या टेबलावरची फौज

अंबाजोगाईच्या परिसरात इतिहासकाळापासून जितक्या लढाया झाल्या असतील, त्याहून जास्त माझ्या बायकोच्या थोरल्या मामांच्या जेवणाच्या टेबलावर झाल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक मी हरलो आहे. मामांचा व्यवसाय कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर ठसे पाठवायचे आणि मामा मागच्या खोलीत बसून मेण, प्लास्टर आणि गुलाबी मसाल्यातून लोकांचं हसू घडवायचे. अर्धं आयुष्य असं शांततेत गेल्यावर पुण्याहून आलेल्या एका डॉक्टरनं त्यांना एक खेळ दाखवला. बोटाच्या पेराएवढे सैनिक टेबलावर मांडायचे, टेपनं मोजून पुढं सरकवायचे आणि फासे टाकून कोण पडलं ते ठरवायचं. सैनिक परदेशातून यायचे, महाग असायचे. मामांनी त्यांतला एक उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "हे तर दाढेपरीस सोपं हाय की!" महिनाभरात त्यांची स्वतःची फौज उभी राहिली. कवळीच्या मसाल्याची असल्यामुळं ती घोड्यांसकट हिरड्यांच्या रंगाची होती. सैनिकांना रंग द्यायचा असतो, हे त्यांना नंतर कळलं.

तेव्हापासून मामांचं जगाकडं बघणंच बदललं. लग्नाच्या पंगतीत बसले तरी "वाढप्यांची डावी बाजू उघडी पडली, बघा," असं ते मला कोपरानं ढोसून सांगायचे. खिशात शिंप्याचा टेप कायम. टेबलावर थर्माकोलचा धारूरचा किल्ला वर्षानुवर्षं ठाण मांडून होता आणि मामी त्याला वळसा घालून ताटं मांडायच्या. एकदा मी भाजीसाठी हात लांब केला तर मामा ओरडले, "जावईबापू, दरीतून जाऊ नका, तिथं माझी माणसं दबा धरून हायेत!" त्यांच्या फौजेत राजा कधी नसे. पखालवाले, आचारी, खेचरं हाकणारे, डोक्यावर ओझं घेतलेल्या बाया मात्र भरपूर. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "राजा कुणीबी करतंय. लढणाऱ्याला पाणी कोण देतंय, ते सांगा." त्यांच्या नियमात पखालवाला पडला की त्याची पलटण जागची हलत नसे. मी घोडदळ घेऊन थाटात निघायचो आणि तहानेनं हरायचो.

हळूहळू या पलटणींना पुण्या-हैदराबादचे शौकीन विचारू लागले. परदेशी खोक्यापेक्षा मामांचा माल स्वस्त, आणि प्रत्येक सैनिकाचा चेहरा वेगळा, कारण मामा पेशंटांचे जबडे बघूनच चेहरे काढत. निवृत्तीनंतर दहा वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. मग फोन कमी झाले. एका जुन्या गिऱ्हाइकानं अडखळत सांगितलं, की आता थ्रीडी प्रिंटरवर हवा तो सैनिक दोन दिवसांत छापून मिळतो, आणि खेळणाऱ्यांना पखालवाले नकोत, शिंगांचे राक्षस हवेत. मामांनी हार मानली नाही. आठ दिवस खपून राक्षस घडवला. तो नखशिखांत भयानक होता, फक्त त्याचे दात फार सुबक, एका ओळीत आले होते. आ वासून तो जणू दातांच्या डॉक्टरला दाखवायलाच आल्यासारखा उभा होता. मामी हसल्या. मामा हसले नाहीत.

त्या गिऱ्हाइकाला सैनिक छापून देणारा माणूस कुठं मुंबई-बंगळूरला नव्हता, केज तालुक्यातच, नांदूरघाटला होता. पुण्याची नोकरी सोडून गावी आलेला इंजिनिअर. हे कळल्यावर मामा मला घेऊन त्याच्या घरी निघाले. वाटभर ते हल्ल्याचा बेत सांगत होते. ओसरीवर त्याची आई पापड वाळत घालत होती आणि आतल्या खोलीत चार यंत्रं हळू आवाजात चालली होती. मामांनी दारातच नाक वर केलं. "वास तर कवळीच्या मसाल्याचा हाय," ते पुटपुटले. इंजिनिअरनं नाव ऐकलं आणि वाकून पायच धरले. "मामा, पुण्यात मी हा खेळ तुमच्याच पलटणीवर शिकलो." बेत तिथंच ढासळला. मामांनी भिंग काढून एक छापील घोडेस्वार बघितला. बराच वेळ बघितला. लगामाची शिवणसुद्धा दिसत होती. मग भिंग पुसून खिशात ठेवलं. "लई बारीक काम हाय. माझ्या हातानं न्हाई व्हायचं."

"माझं बी किती दिवस चालतंय, मामा?" तो म्हणाला. "शहरात एकेकाकडं चाळीस यंत्रं हायेत. मी एक भाव सांगतो, ते निम्मा सांगतात. पण तुमच्यासारखा रंग कुणाला जमत न्हाई. तुमी रंगवाल का?"

मामा ताडकन उठले. "दुसऱ्याच्या लेकराला मी का म्हून काजळ लावू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी साचे ट्रंकेत भरले आणि किल्ला माळ्यावर टाकला. इतकी वर्षं जे टेबल मोकळं व्हावं म्हणून मामी भांडल्या, ते मोकळं झालं आणि मामींनाच घास जाईना. महिनाभर मामा भिंतीकडं बघून जेवले. शेवटी मामींनी मला बाजूला घेऊन नंबर मागितला आणि नांदूरघाटला फोन लावला. "रविवारी जेवायला या. येताना तुमचं लष्कर घेऊन या."

तो आला. पुरणपोळी झाल्यावर त्यानं डबा उघडून ऐंशी सैनिक टेबलावर मांडले. सगळे राखाडी, रंगाचा एक थेंब नाही. मामा लांबून बघत राहिले. मग राहवलं नाही. "उघडीनागडी फौज घेऊन आलास बे दुसऱ्याच्या घरी? लाज कशी वाटत न्हाई?" आणि खोलीतून रंगांची पेटी घेऊन आले. त्या दिवशी लढाई झालीच नाही. संध्याकाळपर्यंत तीन सैनिक अंगभर कपडे घालून उभे होते. इंजिनिअर टेबलावर कोपरं टेकून बघत होता आणि मामी आत चहाला आधण ठेवताना गुणगुणत होत्या.

आता दर आठवड्याला नांदूरघाटहून डबा येतो आणि रंगून परत जातो. छापलेले सैनिक कुठंही मिळतात, पण मामांनी रंगवलेले हवेत म्हणून लोक थांबायला तयार असतात. साचे मात्र ट्रंकेतून पुन्हा निघाले नाहीत.

परवा गेलो तेव्हा ते खिडकीच्या उजेडात सहा हातांचा कुणीतरी घेऊन बसले होते. "याच्या आईनं याला सदरा कसा घातला असंल हो?" असं मला गंभीरपणे विचारून झालं. त्याचे डोळे तेवढे रंगवायचे राहिले होते. अलीकडं त्यांचा हात थरथरतो. ब्रशच्या टोकावर पांढरा ठिपका घेऊन ते थांबतात, थरथर ओसरायची वाट बघतात. मामी हातातलं ताट तसंच धरून उभ्या राहतात, कुणी खुर्ची ओढत नाही. मग एका क्षणी हात स्थिर होतो, ब्रश टेकतो, आणि मामा मागं रेलून हळूच म्हणतात, "बघायला लागला."