अल्पाकाच्या तोंडावरचा मोजा

आम्ही इकडे परदेशात, जॉन्सनव्हिलला घर घेतलं, त्या उन्हाळ्यात आई-बाबा पुण्याहून राहायला आले होते. मी तेव्हा हॉस्पिटलात फार्मसिस्ट होते. तिथल्या एका नर्सने गावाबाहेर जमीन घेऊन अल्पाका पाळले होते. उंटाच्याच जातीचे, पण मेंढीपेक्षा जरा उंच आणि अंगभर लोकर. लोकर कातरायच्या दिवशी तिला माणसं कमी पडत होती. "सगळे या, हीप्स ऑफ फन!" म्हणाली.

बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघाले. आई म्हणाली, "अहो, लग्नाला नाही चाललो आपण."

कातरणाऱ्याने पहिली मादी आडवी केली, पाय दोरांनी ताणून बांधले. डोकं धरायला कोणी तरी हवं होतं. बाबा लगेच पुढे झाले. नर्सने त्या मादीच्या तोंडावर एक जुना मोजा चढवला. "थुंकतात," ती म्हणाली. "काढू नका."

मशीन सुरू झालं. मादी कण्हायला लागली. बाबा माझ्याकडे वळले.

"अगं, हिला श्वास कसा घेता येणार?"

"बाबा, मोजा सैल आहे. राहू दे."

"तुला काय कळतंय? डोळे बघ तिचे." आणि त्यांनी मोजा काढला. तिच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाले, "झालं हं बाळा, झालंच."

बाळाने मान वळवली आणि पोटातलं अर्धवट रवंथ झालेलं सगळं गवत बाबांच्या तोंडावर आणि शर्टावर मारलं. हिरवंगार! आणि वास असा की कातरणारासुद्धा मागे सरला.

माझी लेक म्हणाली, "आजोबा, इट्स जस्ट ग्रास!"

आई गवतात बसून हसत होती. "इतकी वर्षं मी ऐकून घेतलं," तिने डोळे पुसले, "हिने पाच मिनिटांत उत्तर दिलं."

बाबांनी मात्र डोकं सोडलं नाही. चष्म्यावरून हिरवं पाणी ओघळत असताना एवढंच म्हणाले, "घाबरलीय बिचारी."

नर्सच्या नवऱ्याचा टीशर्ट त्यांना गुडघ्यापर्यंत येत होता. जेवण झाल्यावर ते त्याच अवतारात कुंपणापाशी जाऊन उभे राहिले. कातरलेली मादी, आता नुसती मान आणि पाय उरलेली, जवळ आली आणि बारीक आवाजात "हंऽऽ" करत राहिली.

"चला आता, उशीर होतोय," आईने हाक मारली.

"थांब गं," बाबा मागे न वळता म्हणाले, "बोलतेय ती."